कन्सल्टंटच्या डीडब्ल्यूजी फायलींशी जुळणारं, खिशाला परवडणारं ड्राफ्टिंग सॉफ्टवेअर कोणतं?

मकरपुरा_ड्राफ्ट

नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) आमचं डिटेलिंगचं छोटं ऑफिस आहे, टेबलं तीन. काम सगळं टू-डी: पाइप सपोर्ट, स्किड, छोटे प्लॅटफॉर्म, शिड्या यांची फॅब्रिकेशन ड्रॉइंग. फायली तीन ठिकाणांहून येतात. अलकापुरीतल्या कन्सल्टंटकडे ऑटोकॅड २०२४ आणि पाइपिंगचं प्लांट थ्रीडी आहे, आर्किटेक्टकडे ऑटोकॅड एलटी (कमी सोयींची स्वस्त आवृत्ती) आणि वाघोडियाच्या फॅब्रिकेटरकडे अजून ऑटोकॅड २००७. तिघांनाही फाइल डीडब्ल्यूजीतच, म्हणजे ऑटोकॅडच्या मूळ फाइल प्रकारातच, परत हवी असते. नुसती पीडीएफ चालत नाही, कारण कन्सल्टंट आमचं शीट पुढे एक्सरेफ म्हणून, म्हणजे आपल्या ड्रॉइंगला बाहेरच्या फाइलचा दुवा म्हणून, जोडतो.

तिन्ही टेबलांवर पूर्ण ऑटोकॅडचं भाडं भरणं परवडत नाही. क्रॅक वापरायचं नाही हे ठरलेलं आहे, तेव्हा तो सल्ला कृपया देऊ नका. मशीन आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मटेरियलची यादी काढायला ऑटोकॅडच्या लिस्प भाषेतले दोन प्रोग्राम आहेत, एक साधा एलएसपी आणि एक व्हीएलएक्स. फुकटातलं एक सॉफ्टवेअर लावून पाहिलं. फाइल उघडते, पण टायटल ब्लॉकमधला मजकूर चौकटीबाहेर जातो आणि मल्टिलीडर (बाण लावलेल्या टिपा) दिसतच नाहीत.

कोणतं घ्यावं, आणि पैसे भरण्याआधी नेमकं काय तपासावं?

रावपुरा_रेषा

सॉफ्टवेअरचं नाव शेवटी ठरवा, आधी फायली ओळखा.

कुठलीही डीडब्ल्यूजी नोटपॅडमध्ये उघडा. बाकी सगळा कचरा दिसेल, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात. एसी१०१५ असेल तर फाइल २००० च्या फॉरमॅटात आहे, एसी१०१८ म्हणजे २००४, एसी१०२१ म्हणजे २००७, एसी१०२४ म्हणजे २०१०, एसी१०२७ म्हणजे २०१३ आणि एसी१०३२ म्हणजे २०१८. ऑटोकॅडची आवृत्ती दरवर्षी बदलते, फॉरमॅट बदलत नाही. २०१३ ते २०१७ या पाचही आवृत्त्या एसी१०२७ मध्येच लिहीत होत्या. तुमच्या कन्सल्टंटचं २०२४ हे २०१८ च्याच फॉरमॅटात लिहितं. म्हणजे घ्यायच्या सॉफ्टवेअरला एसी१०३२ वाचता आणि लिहिता यायलाच हवं, आणि वाघोडियासाठी ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये २००७ चा पर्याय हवा. फाइल बंद करताना नोटपॅडमध्ये चुकून सेव्ह करू नका, नाहीतर ती कामातून जाईल.

२००७ च्या खाली मात्र उतरू नका. मल्टिलीडर आणि अ‍ॅनोटेटिव्ह मजकूर या गोष्टी ऑटोकॅड २००८ मध्ये आल्या, आणि ती आवृत्ती २००७ च्याच फॉरमॅटात लिहायची. २००४ च्या फॉरमॅटात सेव्ह केलं की मल्टिलीडरचा प्रॉक्सी (नुसतं चित्र) होतो आणि समोरच्याला तो दुरुस्त करता येत नाही. शिवाय मजकूर युनिकोडमध्ये साठवायला २००७ च्या फॉरमॅटापासून सुरुवात झाली.

आता सॉफ्टवेअर. डीडब्ल्यूजीचं संपूर्ण तपशीलपत्रक ऑटोडेस्कने कधी उघड केलेलं नाही. बाकीचे बहुतेक जण ओपन डिझाइन अलायन्स या १९९८ साली सुरू झालेल्या संस्थेची लायब्ररी वापरतात. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, ड्राफ्टसाइट आणि इंटेलिकॅडवर बेतलेले प्रोजेकॅड, अ‍ॅक्टकॅड यांच्याकडे तुम्ही याच वर्गातले म्हणून पाहा. कमांडची नावं बहुतांशी ऑटोकॅडसारखीच असल्याने हात बसायला वेळ लागत नाही. फाइल ‘उघडते’ हे त्यांच्यापैकी कुणीही सांगेल आणि ते खरंही असतं. फरक पडतो तो फाइल परत पाठवताना.

म्हणून चाचणी अशी करा. कन्सल्टंटची सगळ्यात त्रासदायक फाइल निवडा. तिच्यात डायनॅमिक ब्लॉक (ओढून आकार बदलता येणारी तयार चिन्हं), मल्टिलीडर, टेबल, निदान एक एक्सरेफ, मजकूर असलेलं लाइनटाइप (रेषेचा नमुना) आणि दोन लेआउट (प्लॉटसाठी मांडलेली पानं) असावेत. तिची पीडीएफ त्यांच्याकडूनच प्लॉट करून मागवा. ती तुमची मोजपट्टी.

ट्रायलमध्ये फाइल उघडली की आधी ऑडिट (फाइलमधल्या चुका शोधणारी कमांड) चालवा आणि किती चुका दाखवतो ते लिहून ठेवा. मग एक आयत स्ट्रेचने ताणा. त्यावरचं डायमेन्शन सोबत बदललं तर ते जोडलेलं राहिलं, नाहीतर नुसतं चित्र उरलं आहे. एका डायनॅमिक ब्लॉकची ग्रिप (पकडायचा ठिपका) ओढा, व्हिजिबिलिटीची यादी उघडते का बघा. टेबलमधला एक आकडा बदला. एक रेव्हिजन क्लाउड काढा. दोन्ही लेआउट प्लॉट करून मोजपट्टीच्या पीडीएफशी ताडून बघा: रेषांची जाडी, तुटक रेषांचं अंतर, मजकुराची रुंदी. मग सेव्ह करा.

सेव्ह केलेली फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये परत उघडून काही कळत नाही, ती डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यूमध्ये उघडा. हे ऑटोडेस्कचंच आहे, फुकट आहे, विंडोजवर चालतं. कन्सल्टंटला जे दिसणार ते तुम्हाला इथे आधीच दिसतं. शेवटी त्यांना विनंती करून कंपेअर (दोन फायलींतला फरक रंगात दाखवणारी) कमांड चालवायला सांगा, ऑटोकॅड २०१९ पासून ती आहे. जिथे तुमचा हात लागलेलाच नाही तिथेही बदलाचा रंग दिसला, तर ते सॉफ्टवेअर यादीतून काढा.

एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा. ऑटोडेस्कबाहेरच्या सॉफ्टवेअरने सेव्ह केलेली फाइल उघडताना ऑटोकॅड तशी सूचना दाखवू शकतं. ती डीडब्ल्यूजीचेक या सेटिंगवर ठरते. सूचना आली म्हणजे फाइल बिघडली असं नाही. पण समोरचा घाबरतो आणि सगळं खापर आपल्यावर फुटतं.

डांडिया_बाजार

फुकटातलं बघायचं असेल तर अपेक्षा नीट ठेवून बघा. लिब्रेकॅड डीएक्सएफवर (ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीचा दुसरा फाइल प्रकार) चालतं. डीडब्ल्यूजी थोडीफार वाचतं, लिहीत नाही. लेआउट आणि त्यातल्या खिडक्या, म्हणजे व्ह्यूपोर्टही त्यात नाहीत. तुमच्याकडे मल्टिलीडर दिसले नाहीत त्याचं कारण बहुधा असंच काहीतरी असणार, सॉफ्टवेअरला ती वस्तूच कळत नाही. क्यूकॅडची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, डीडब्ल्यूजी मात्र पैसे भरायच्या प्रोफेशनल आवृत्तीतच येते. ती स्वस्त आहे आणि ८ जीबीवर सुसाट पळते. पण तिच्यात ऑटोलिस्प नाही, स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहाव्या लागतात. तुमचे दोन्ही प्रोग्राम तिथे बाद. फ्रीकॅड थ्रीडीसाठी चांगलं आहे, पण फॅब्रिकेशनच्या टू-डी शीटसाठी ते घेणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

ओडीए (ओपन डिझाइन अलायन्स) फाइल कन्व्हर्टर मात्र तिन्ही मशीनवर टाकून ठेवा. फुकट आहे. एक फोल्डर द्या, दुसरं फोल्डर द्या, आवृत्ती निवडा, ऑडिटवर खूण करा, सगळ्या फायली एकदम बदलून मिळतात. वाघोडियाला २००७ मध्ये द्यायचं काम त्यानेच होईल.

आणि ड्राफ्टसाइट फुकट मिळतं असं अजून कुणीतरी सांगेल. ती फुकट आवृत्ती २०१९ च्या अखेरीस बंद झाली.

पाइपरॅक

वरची चाचणी बरोबर आहे, पण प्लांट थ्रीडीच्या फायलींना ती तशीच लावलीत तर सगळी सॉफ्टवेअरं नापास होतील आणि दोष त्यांचा नसेल.

प्लांट थ्रीडीतला पाइप किंवा व्हॉल्व्ह, पी अँड आयडीतलं (पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यातलं) सिंबल, सिव्हिल थ्रीडीतली सरफेस (जमिनीचा पृष्ठभाग) या साध्या रेषा नसतात. त्या वस्तू कशा काढायच्या याचा कोड त्या त्या प्रोग्राममध्ये असतो, फाइलमध्ये नसतो. कोड नसलेल्या सॉफ्टवेअरला फक्त प्रॉक्सी मिळतो, म्हणजे वस्तूचा फोटो म्हणा. आणि तोही फाइल सेव्ह करताना प्रॉक्सीग्राफिक्स हे सेटिंग १ असेल तरच. ० असेल तर पाइपच्या जागी रिकामी चौकट येते. अर्धा रॅक गायब असलेली फाइल आली की आधी हे विचारा, सॉफ्टवेअरला शिव्या नंतर.

उपाय कन्सल्टंटच्या बाजूला आहे आणि दोन मिनिटांचा आहे. प्लांट थ्रीडीच्या प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये ड्रॉइंगवर राइट क्लिक करून ‘एक्सपोर्ट टू ऑटोकॅड’ निवडलं की साध्या वस्तूंची वेगळी फाइल तयार होते. आर्किटेक्चर किंवा सिव्हिलच्या फायलींसाठी एक्सपोर्टटूऑटोकॅड ही कमांड आहे. ट्रान्समिटलच्या पत्रातच ‘साध्या डीडब्ल्यूजीत एक्सपोर्ट करून द्या’ अशी ओळ टाकून ठेवा. प्रॉक्सी आपल्याकडे एक्सप्लोड करून (साध्या रेषांत फोडून) ती फाइल परत पाठवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. त्यांच्या पाइपला चिकटलेला लाइन नंबर, स्पेक, साइज सगळं जातं आणि ते कळतं तेव्हा मटेरियल टेक-ऑफ (मालाची मोजणी) चुकलेला असतो.

यावरून एक नियमच करा: दुसऱ्याची फाइल आपण कधी सेव्ह करायची नाही. आपलं कोरं शीट उघडायचं, त्यांची फाइल एक्सरेफ म्हणून खाली जोडायची, सपोर्ट आणि स्किड आपल्या फाइलमध्ये काढायचं आणि परत जाताना फक्त आपली फाइल द्यायची. असं केलं की त्यांचे डायनॅमिक ब्लॉक, फील्ड, कन्स्ट्रेंट यांच्याशी आपल्या सॉफ्टवेअरचा लिहिण्यापुरता संबंधच उरत नाही. त्याला फक्त वाचता आलं पाहिजे आणि वाचण्यात ही सगळीच सॉफ्टवेअरं बऱ्यापैकी तयार आहेत.

एक्सरेफ जोडताना प्रकार ‘ओव्हरले’ ठेवा, ‘अ‍ॅटॅचमेंट’ नको. तुमचं शीट ते पुढे जोडतात, तुमच्या शीटमध्ये त्यांचीच फाइल जोडलेली असते, आणि अ‍ॅटॅचमेंट असेल तर सर्क्युलर रेफरन्सची (फायली एकमेकींत अडकल्याची) सूचना येत राहते. ओव्हरले पुढच्या पातळीवर जातच नाही. पाथ ‘रिलेटिव्ह’ ठेवा. तुमच्या डी ड्राइव्हचा पूर्ण पाथ त्यांच्या सर्व्हरवर कुठून सापडणार?

मकरपुरा_ड्राफ्ट

एक्सरेफची युक्ती आजपासूनच सुरू करतो. तीन कंपन्यांच्या ट्रायल लावून वर सांगितलेली चाचणी केली. नावं देत नाही, कारण काही चुका आमच्या सेटिंगच्याही असतील.

पहिल्यात एलएसपी चालला, व्हीएलएक्स लोडच होत नाही. डायमेन्शन नीट राहिली. टायटल ब्लॉकचा मजकूर मात्र इथेही उजवीकडे बाहेर जातो. दुसऱ्यात मजकूर बरोबर, पण स्टीमच्या रेषेवर जी ‘एसटीएम’ अशी अक्षरं असतात त्यांच्या जागी नुसती तुटक रेषा येते, आणि प्लॉटमध्ये सगळ्या रेषा रंगीत आणि एकाच जाडीच्या. तिसऱ्यात आर्किटेक्टचा साइट प्लॅन एक्सरेफ केला तर तो ठिपक्याएवढा दिसतो. मोठा करून पाहिला तर हॅच फाटलेलं आणि वर्तुळं थरथरतात.

यातलं सॉफ्टवेअरचं काय आणि आमचं काय?

रावपुरा_रेषा

व्हीएलएक्स सोडलं तर सगळं सेटिंगचं आहे.

व्हीएलएक्स आणि एफएएस या ऑटोकॅडने कंपाइल केलेल्या फायली आहेत, ऑटोकॅडबाहेर त्या सहसा चालत नाहीत. ज्याने प्रोग्राम लिहून दिला त्याच्याकडून मूळ एलएसपी मागा. तो मिळाला तरी आत ‘व्हीएलए-’ने सुरू होणारी फंक्शन आहेत का ते शोधा. ब्रिक्सकॅडमध्ये ती बरीचशी चालतात, बाकी ठिकाणी प्रत्येक प्रोग्राम चालवूनच पाहावा लागतो. एआरएक्स फायली (ऑटोकॅडसाठीच बांधलेले प्लगइन) कुठेच चालणार नाहीत. आणि स्वस्तातली आवृत्ती घेताना तिच्यात लिस्प आहे का ते लेखी विचारा. काही कंपन्या सर्वात खालच्या आवृत्तीतून लिस्पच काढून टाकतात. ब्रिक्सकॅड लाइटमध्ये ते आहे.

मजकूर बाहेर जातो तो फॉन्टमुळे. स्टाइल कमांड देऊन यादी पाहा, रोमन्स, सिम्प्लेक्स किंवा आयएसओसीपी अशी एसएचएक्स (ऑटोकॅडचा स्वतःचा फॉन्ट प्रकार) नावं दिसतील. या फॉन्टच्या फायली डीडब्ल्यूजीत येत नाहीत. सॉफ्टवेअरला त्या नावाची फाइल सापडली नाही तर फॉन्टऑल्ट या सेटिंगमध्ये लिहिलेला पर्यायी फॉन्ट तो लावतो. त्याची अक्षरं रुंद असली की मजकूर चौकट सोडतो. ‘एसटीएम’ गायब होण्याचं मूळही तेच. त्या लाइनटाइपमधली अक्षरं एका टेक्स्ट स्टाइलवर उभी असतात. त्याच प्रकारात ज्या लाइनटाइपमध्ये वळ्या किंवा चौकोन असतात त्यांना एलटाइपएसएचपी नावाची शेप फाइल लागते.

रंगीत आणि एकाच जाडीच्या रेषा म्हणजे सीटीबी फाइल नाही. लाल रंग ०.१८ मि.मी., पिवळा ०.३५, अशी जी वाटणी कन्सल्टंटने केलेली असते ती सीटीबीत असते, ड्रॉइंगमध्ये फक्त तिचं नाव. ती तुमच्या सॉफ्टवेअरच्या प्लॉट स्टाइलच्या फोल्डरमध्ये टाकली की काम झालं. तुमचं शीट एसटीबीवर (रंगाऐवजी नावाने जाडी ठरवणारी फाइल) चालणारं असेल आणि त्यांचं सीटीबीवर, तर यादीत ती दिसणारच नाही. मग आधी कन्व्हर्टपीस्टाइल्स ही कमांड.

या सगळ्यावर एकच मागणी पुरते. कन्सल्टंटला सांगा, फाइल मेलला चिकटवू नका, ई-ट्रान्समिट करा आणि त्यात फॉन्ट आणि प्लॉट स्टाइल यांवर खूण करा. एका झिपमध्ये ड्रॉइंग, एक्सरेफ, एसएचएक्स, सीटीबी सगळं येतं. झिप उघडल्यावर आत अकॅड.एलएसपी, अकॅडडॉक.एलएसपी किंवा अकॅड.एफएएस अशा नावाची फाइल दिसली आणि ती कुणी मुद्दाम पाठवलेली नसेल तर उडवा. ऑटोकॅडचे व्हायरस याच नावांनी ड्रॉइंगच्या फोल्डरमधून पसरतात. २०१२ साली सापडलेला मेड्रे नावाचा वर्म असाच होता, तो लोकांची ड्रॉइंग बाहेर मेल करायचा.

सावलीकर

साइट प्लॅनच्या ठिपक्याबद्दल. आर्किटेक्टने मीटरमध्ये काढलं आहे, तुम्ही मि.मी.मध्ये. दोन्ही फायलींचं इन्सयुनिट्स हे एककाचं सेटिंग पाहा: ४ म्हणजे मि.मी., ६ म्हणजे मीटर, १ म्हणजे इंच, ० म्हणजे काहीच ठरवलेलं नाही. दोन्हीकडे खरा आकडा असेल तर एक्सरेफ आपोआप १००० पट होऊन येतो. एका बाजूला ० असेल तर सॉफ्टवेअरच्या ठरीव सेटिंगप्रमाणे येतो, म्हणजे बहुधा चुकीचा. आपल्या कोऱ्या टेम्प्लेटमध्ये ४ टाकून ठेवा आणि आर्किटेक्टला ६ टाकून परत पाठवायला सांगा. एक्सरेफला हाताने १००० चं स्केल देऊन बसू नका, पुढच्या रिव्हिजनला त्याने ६ टाकलं की दहा लाख पट होऊन येईल.

तुटक रेषा सलग दिसत असतील तर तेही युनिटचंच भावंड आहे. मेझरमेंट १ ठेवा म्हणजे मेट्रिक लाइनटाइप लागतात, आणि लेआउटमध्ये पीएसएलटीस्केल (तुटक रेषांच्या प्रमाणाचं सेटिंग) दोन्ही फायलींत एकच ठेवा.

फाटलेलं हॅच आणि थरथरणारी वर्तुळं: तो प्लॅन सर्व्हेच्या कोऑर्डिनेटवर आहे. बडोदं यूटीएम या नकाशा पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतं. ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) साधारण ३ लाख १५ हजार मीटर आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं) २४ लाख ६० हजारांच्या पुढे. याचं मि.मी. केलं की नॉर्दिंग २४६ कोटींच्या घरात जातं. फाइलमध्ये आकडा शाबूत असतो, पण ग्राफिक्सची बाजू इतके अंक धरत नाही, त्यातून वेगळं कार्ड नसलं की जास्तच. त्यामुळे मापं बरोबर येतात आणि चित्र थरथरतं. आर्किटेक्टशी बोलून एक गोल आकडा ठरवा, समजा ईस्टिंगमधून ३,१५,००० आणि नॉर्दिंगमधून २४,६०,००० वजा. एक्सरेफ तेवढा सरकवा आणि वजा केलेले आकडे टायटल ब्लॉकशेजारी नोट म्हणून लिहा. नुसता यूसीएस (मापांचा आरंभबिंदू) हलवून उपयोग नाही, त्याने दिसणारे आकडे बदलतात, भूमिती तिथेच राहते.

डांडिया_बाजार

आता पैशांचं. माझं मत रावपुराकाकांच्या सुरापेक्षा थोडं वेगळं आहे, तीनही टेबलांवर एकच सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. एका टेबलावर ऑटोकॅड एलटी ठेवा. बाहेर जाणारी प्रत्येक फाइल तिथे उघडून, पाहून, तिथूनच पाठवायची. २०२४ च्या आवृत्तीपासून एलटीमध्ये ऑटोलिस्पही चालतं, म्हणजे तुमच्या एलएसपीची सोय तिथेही आहे. बाकी दोन टेबलांवर कायमच्या परवान्याचं काहीतरी. एलटीची अडचण एवढीच की एआरएक्स किंवा डॉटनेटचे प्लगइन त्यात बसत नाहीत. बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन छाननीसाठी लेअरची नावं भरून देणारा एखादा प्लगइन वापरायची वेळ आली, तर तो कोणत्या कॅडवर बसतो ते आधी विचारा. तुमच्या फॅब्रिकेशनला त्याचं काम नाही, आर्किटेक्टला असेल.

हिशेब करताना भाड्याची वर्षाची रक्कम गुणिले तीन वर्षं एका बाजूला मांडा. दुसऱ्या बाजूला कायमच्या परवान्याची किंमत अधिक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा मेंटेनन्स. मेंटेनन्स न भरल्यास जुनी आवृत्ती चालू राहते का, मशीन बदललं तर परवाना किती वेळा हलवता येतो आणि इंटरनेटशिवाय किती दिवस चालतो, हे तीन प्रश्न विक्रेत्याला मेलवर विचारा, फोनवर नको. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट नियमित नोंदणी असेल तर मिळतं, कंपोझिशनमध्ये असाल तर तो खर्चच. परदेशी साइटवरून थेट घेतलंत तर रिव्हर्स चार्ज भरावा लागतो. बिल तुमच्या सीएला दाखवूनच करा.

रावपुरा_रेषा

एलटीचं टेबल फाटकासारखं वापरायची कल्पना चांगली आहे, पण तीनच टेबलांच्या ऑफिसात तिथे रांग लागते. संध्याकाळी सहाला तिघांनाही फाइल पाठवायची असते. पाहण्यापुरतं ट्रूव्ह्यू पुरेसं आहे आणि ते तिन्ही मशीनवर फुकट बसतं. मी तुमच्या जागी तिन्हीकडे एकच सॉफ्टवेअर घेईन, म्हणजे टेम्प्लेट, फॉन्टचं फोल्डर आणि सीटीबी एकाच प्रकारे लावता येतात. तुमच्या चाचणीत डायमेन्शन पहिल्यात नीट राहिली आणि एलएसपीही चालला. फॉन्ट आणि सीटीबी घालून तीच फाइल पुन्हा लावा. पास झालं तर तेच घ्या.

जुना परवाना नव्या फाइलला चालेल का ही भीती असते. फॉरमॅट आधी दर तीन वर्षांनी बदलायचा, २०१३ नंतर पाच वर्षांनी बदलला आणि २०१८ चा बराच टिकला आहे. पुढे बदलला तरी समोरच्याला २०१८ मध्ये सेव्ह करायला सांगता येतं, नाहीतर नव्या ट्रूव्ह्यूत फाइल मागच्या फॉरमॅटात बदलून घेता येते.

रॅमबद्दल कुणी बोललं नाही. ८ जीबीवर मोठे एक्सरेफ जोडताना अडेल. १६ करा, सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त पडतं. फाइल विनाकारण फुगली असेल तर पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढणारी कमांड), आणि पर्जमध्ये रेगअ‍ॅप्स (प्रोग्रामांच्या उरलेल्या नोंदी) वेगळे काढावे लागतात, नेहमीच्या खिडकीत ते दिसत नसतील तर कमांडच्या आधी वजाचं चिन्ह लावा. त्यानंतर ओव्हरकिल, एकावर एक पडलेल्या रेषा काढायला.

मकरपुरा_ड्राफ्ट

फॉन्ट आणि सीटीबी घातल्यावर पहिलं पास झालं, ट्रूव्ह्यूतही ताडून पाहिलं. व्हीएलएक्सचा मूळ कोड मागितला आहे. एकच राहिलं: आर्किटेक्टच्या शीटवरच्या गुजराती नोट्स. एका मशीनवर बरोबर दिसतात, दुसऱ्यावर चौकोन, आणि जुन्या एका फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी.

सावलीकर

दोन वेगवेगळे आजार आहेत.

खिचडी म्हणजे तो मजकूर युनिकोड नाही. जुन्या गुजराती फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी गुजराती आकार बसवलेले असत. फाइलमध्ये साठलेली असतात इंग्रजीच अक्षरं. तोच फॉन्ट आर्किटेक्टकडून घेऊन मशीनवर टाका, ‘सगळ्यांसाठी इन्स्टॉल’ निवडून, म्हणजे दिसेल. फॉन्ट मिळत नसेल तर त्या नोट्स नव्याने टाइप करण्याला पर्याय नाही.

चौकोन येतात तो मजकूर युनिकोड आहे, पण फॉन्ट नाही. टेक्स्ट स्टाइलमध्ये बहुतेक श्रुती हा गुजराती फॉन्ट असेल. विंडोज १० पासून श्रुती आपोआप येत नाही. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन गुजराती सप्लिमेंटल फॉन्ट्स जोडा. देवनागरी नोट्सना मंगल लागत असेल तर तिथेच देवनागरीचं वेगळं आहे. ते नको असेल तर आर्किटेक्टला स्टाइल निर्मला यूआयवर न्यायला सांगा, तो फॉन्ट विंडोजमध्ये असतोच. नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टवर गुजराती येणार नाही.

आणि वाघोडियाला पाठवताना कुणी २००४ मध्ये सेव्ह केलं तर त्याच नोट्सच्या जागी तिरकी रेघ, यू, अधिक आणि ०ए९५ असे कोड दिसू शकतात. २००७ मध्ये परत सेव्ह करून पाठवा. जोडाक्षरं तरीही तुटत असतील तर नोट्सपुरती पीडीएफ सोबत द्या, फॅब्रिकेटरला त्या नुसत्या वाचायच्याच असतात.